वातानुकूलनाविना थंड घर : सुरुवात छतापासून

मे २०१० मध्ये अहमदाबाद शहराचे तापमान ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत चढले. त्या एका महिन्यात शहरात एरवीच्या मे महिन्यांच्या तुलनेत १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासातून स्पष्ट झाले. यानंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. पूर्वसूचना, रुग्णालयांची सज्जता, पाणपोया आणि जनजागृती ही त्याची मुख्य अंगे होती. मात्र उष्णतेचा प्रश्न रस्त्यावर सुरू होऊन रस्त्यावरच संपत नाही. दिवसभर उन्हात राबलेले शरीर रात्री घरात निवले नाही, तर दुसऱ्या दिवशीचा ताप त्याला अधिक जड जातो. वृद्ध, तान्ही मुले आणि घरीच शिवणकाम वा विडी वळण्याचे काम करणाऱ्या स्त्रिया यांची तर दुपारही घरातच जाते. त्यामुळे घराचे तापमान हा सार्वजनिक आरोग्याचा आणि उत्पादकतेचाही विषय ठरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे एक चतुर्थांश कुटुंबांकडेच कूलर किंवा वातानुकूलन यंत्र होते. त्यातही मोठा वाटा कूलरचा आहे. उत्पन्न वाढेल तसे हे प्रमाण वाढणार, हे उघड आहे. परंतु त्याची किंमत केवळ यंत्र घेणारे कुटुंबच मोजत नाही. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेर फेकते आणि ती गल्लीतील इतरांच्या वाट्याला येते. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेच्या कमाल मागणीने २५० गिगावॅटचा टप्पा गाठला, त्यामागे उन्हाळ्यातील थंडाव्याची गरज हे एक प्रमुख कारण होते. म्हणूनच यंत्राविना, किंवा यंत्राची गरज कमी करून, घर थंड राखण्याच्या उपायांना आर्थिक महत्त्व आहे.

उष्णता येते कोठून?

उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे एकमजली घरात आणि इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर उष्णतेचा सर्वाधिक भार भिंतींपेक्षा छतावर पडतो. भर दुपारी छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट सौरऊर्जा पडते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) निकषानुसार घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. तेवढ्या छतावर सुमारे २५ किलोवॅट ऊर्जा पडते, असे साध्या गणिताने दिसते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र खोलीतून जेमतेम सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढू शकते. छतावर पडलेली सर्व ऊर्जा आत येत नाही, हे खरे. पण आत येणारी उष्णता उपसत बसण्यापेक्षा ती छतावरच अडवणे किती स्वस्त आहे, हे या तुलनेवरून ध्यानात येते.

काळवंडलेला काँक्रीटचा स्लॅब पडलेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग शोषून घेतो, तर पांढरे छत बहुतांश भाग परत फेकते. स्लॅब उष्णता साठवतो आणि ती अंधार पडल्यावरही कित्येक तास खोलीत सोडत राहतो. बाहेर वारा सुटलेला असतानाही घरात उकडते, ते यामुळेच. पत्र्याचे छत उष्णता साठवत नाही, परंतु दुपारी ते तापून खालच्या माणसांवर थेट आग ओकते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे २९ टक्के कुटुंबांच्या घरांना काँक्रीटचे, तर सुमारे १६ टक्के कुटुंबांच्या घरांना पत्र्याचे वा तत्सम छत होते. गवत आणि कौले मागे पडून काँक्रीट व पत्रा पुढे येत आहेत. घरे पक्की होत आहेत, पावसापासूनचे संरक्षण वाढले आहे. पण उन्हापासूनचे संरक्षण त्याच वेळी कमी होत आहे.

साधे उपाय, प्रदेशानुसार

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छताला चुन्याची सफेदी किंवा परावर्तक रंग देणे. परावर्तक छतामुळे घरातील तापमान साधारणपणे २ ते ५ अंशांनी कमी राहते, असा अनुभव आहे. गच्चीवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी बसवण्याची पद्धत अनेक शहरांत जुनी आहे; ती महाग असली तरी टिकाऊ आहे. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे आढे केले आणि दोहोंमध्ये हवा खेळती ठेवली, तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही.

मात्र सर्व देशाला एकच उपाय लागू पडत नाही. राजस्थान, विदर्भ वा दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे ओले पडदे आणि कूलर चांगला थंडावा देतात, कारण कोरडी हवा पाणी झपाट्याने शोषते आणि त्यात तिची उष्णता खर्ची पडते. चेन्नई, मुंबई वा कोलकात्याच्या दमट हवेत हेच उपाय निष्प्रभ ठरतात. तेथे वारा आरपार जाणे महत्त्वाचे. कोरड्या प्रदेशात दिवसा खिडक्या बंद ठेवून रात्री उघडणे आणि जाड भिंती बांधणे हिताचे. किनारपट्टीवर मोठी झडपे, उतरते छप्पर आणि रुंद ओसरी हिताची. जैसलमेरच्या अरुंद गल्ल्या आणि केरळची कौलारू घरे ही या दोन गरजांची दोन उत्तरे आहेत. निवासी इमारतींसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणलेल्या 'इको निवास संहिता'नेही हा भेद मानला आहे. उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ उष्ण-कोरड्या प्रदेशात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १० टक्के, तर उष्ण-दमट प्रदेशात किमान १६.६६ टक्के असावे, असे ती सांगते.

वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी केरळमध्ये याच तत्त्वांवर कमी खर्चाची घरे उभारली. विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी राखणारी बांधणी, स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटऐवजी कौले भरण्याची पद्धत आणि विटांच्या जाळ्या यांचा त्यांनी सर्रास वापर केला. पोकळ बांधणीत विटांची सुमारे २५ टक्के बचत होते आणि पोकळीतील हवेमुळे भिंत उष्णतेला अटकावही करते. थंडावा आणि काटकसर एकत्र नांदू शकतात, हे या घरांनी दाखवून दिले.

मग अडते कोठे?

उपाय स्वस्त आणि ज्ञात असूनही त्यांचा प्रसार संथ आहे, याचे कारण अर्थशास्त्रात शोधावे लागते. भाड्याच्या खोलीचे छत घरमालकाचे असते, उकाडा मात्र भाडेकरूला सोसावा लागतो. सफेदीचा खर्च मालकाने करायचा आणि लाभ भाडेकरूने घ्यायचा, म्हणून खर्च कोणीच करत नाही. वस्तीतील घर नियमित नसेल, तर ते उद्या पाडले जाण्याच्या भीतीने त्यावर खर्च करण्यास रहिवासी धजावत नाहीत. बांधकाम व्यावसायिक घर विकून मोकळा होतो. विजेचे देयक पुढे खरेदीदाराने भरायचे असते. बाजारातील हा दोष केवळ जनजागृतीने दूर होणारा नाही. तेथे सार्वजनिक हस्तक्षेप आवश्यक ठरतो.

अहमदाबादेत २०१७ मध्ये वस्त्यांतील सुमारे ३,००० छतांना पांढरा रंग देण्याचा उपक्रम राबवला गेला. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छत धोरण जाहीर करून २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छत शीत करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१९ च्या भारत शीतलीकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी २० ते २५ टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य मांडले आहे. दिशा योग्य आहे. परंतु तेलंगणाच्या धोरणात निवासी इमारतींवरील सक्ती ६०० चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांपुरती आहे. 'इको निवास संहिता'ही ५०० चौरस मीटर व त्यापुढील भूखंडांचा विचार करते. म्हणजे नियमांची हद्द जेथे संपते, तेथूनच सर्वाधिक तापणारी छोटी घरे सुरू होतात.

घरकुल योजनांची संधी

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग शासकीय घरकुल योजनांतून जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रामीण आवास योजनेत आणखी दोन कोटी घरांना मंजुरी मिळाली. शहरी योजनेचा दुसरा टप्पा एक कोटी कुटुंबांसाठी आहे. छताला पांढरा थर, समोरासमोर झडपा, खिडकीवर पुरेसा सज्जा आणि पश्चिमेच्या भिंतीला झाडाची वा ओसरीची सावली या चार बाबी आराखड्यातच असल्या, तर वाढीव खर्च अल्प राहतो. घर बांधून झाल्यावर त्यांतील सफेदीखेरीज कोणतीच गोष्ट सहज करता येत नाही. सपाट प्रदेशात ग्रामीण लाभार्थ्यास मिळणाऱ्या १.२० लाख रुपयांच्या साहाय्याच्या शेवटच्या हप्त्याशी छताच्या सफेदीची सांगड घालता येईल. प्रादेशिक साहित्य व हवामान विचारात घेऊन तयार केलेला 'पहल' हा घरांच्या नमुन्यांचा संग्रह उपलब्ध आहेच. तो गवंड्याच्या हाती आणि त्याच्या भाषेत पोहोचला पाहिजे.

या उपायांच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. चुन्याची सफेदी पावसात धुपते आणि धुळीने मळते. ती दर उन्हाळ्यापूर्वी करावी लागते, म्हणून ग्रामपंचायती व महानगरपालिकांच्या वार्षिक अंदाजपत्रकात तिच्यासाठी तरतूद हवी. हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे गेल्यावर पंखा शरीर थंड करण्याऐवजी तापवू लागतो. अशा दिवसांत वृद्ध व आजारी व्यक्तींसाठी वस्तीजवळ थंड सार्वजनिक जागा असणे अत्यावश्यक आहे.

पाणीपुरवठा किंवा लसीकरण यांप्रमाणेच उष्णतेपासून संरक्षण हीदेखील पायाभूत सेवा आहे, असे मानून नियोजन व्हावयास हवे. येत्या काही वर्षांत बांधली जाणारी कोट्यवधी छते पुढील तीस-चाळीस वर्षे त्याच घरांवर राहणार आहेत. ती तापणारी असावीत की निवणारी, याचा निर्णय स्लॅब पडण्यापूर्वीच घ्यावा लागेल.