हसण्यावारी नेऊ नये!

हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी वसलेले नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. एकादशीला तेथे वारकऱ्यांची रीघ लागते. अशा कोणत्याही गावच्या बाजारात आता बुक्क्याच्या आणि प्रसादाच्या दुकानांवरही काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची चौकट टांगलेली आढळते. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्मलेली ही चौकट आपल्याकडे सुट्या पैशांचा प्रश्न सोडवू लागली आहे. त्याबरोबर दुकानदारांच्या गप्पांना एक नवा विषयही मिळाला आहे.

कोणी त्या चौकटीचे नुसते छायाचित्र काढतो आणि पैसे पोहोचले असे समजून निघू लागतो. कोणी फोनवरून शंभर रुपये देऊन उरलेले वीस त्याच चौकटीतून परत मागतो. पैसे मिळाल्याची वर्दी देणारा डबा बोलला की एखाद्या आजीबाई आत कोण बसले आहे असे विचारतात. जुना फोन विकताना त्यातले पैसेही जातील, या भीतीने कोणी तो उशाशी जपून ठेवतो. ‘बॅलन्स संपला’ म्हटले की बोलण्याचे पैसे संपले की बँकेतले, हा संभ्रम तर नित्याचाच. यावर हसू येते हे खरे. तथापि ग्राहकाला मूर्ख ठरवण्याआधी थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

बाल नामदेवांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. वडिलांनी नैवेद्य दाखवण्यास सांगितले, तेव्हा देव तो खरोखरच खाणार असे समजून ते मूर्तीपुढे हट्ट धरून बसले. सांगितलेला शब्द त्यांनी शब्दशः खरा मानला. आजचा ग्राहक तरी निराळे काय करतो? त्या भोळेपणाला देव पावला, असे आख्यायिका सांगते. बाजारात मात्र भोळ्या माणसाला भामटा भेटतो.

याचा दाखला दूर शोधावयास नको. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय होती. आपल्याला पैसे येत आहेत असा समज करून देऊन ठकांनी अशा मागण्या पाठवल्या, आणि पिन दाबणाऱ्यांनी आपल्याच हाताने खाती रिकामी केली. अखेर भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी करण्याची सोय बंद केली. ज्या गैरसमजाला आपण अडाणीपणा म्हणत होतो, त्याचे मूळ व्यवस्थेच्या रचनेतही होते, याची ही कबुलीच नव्हे काय?

दुकानातील हशा येथेच घातक ठरतो. चारचौघांत एकदा हसू झालेला माणूस दुसऱ्यांदा शंका विचारत नाही. घरी अनोळखी फोन येतो, पलीकडचा आवाज अत्यंत अदबीने बोलतो, आणि दुकानदाराला न विचारलेला प्रश्न तो त्या आवाजाला विचारतो. सोयाबीनची पट्टी नुकतीच खात्यात जमा झालेल्या शेतकऱ्याला त्या प्रश्नाची किंमत हंगामभराच्या कष्टाने मोजावी लागते.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो, हे एक वाक्य ठळक मराठीत प्रत्येक चौकटीखाली असावे. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हे दुसरे. बँकांनी आपले संदेश गावच्या भाषेत लिहावेत. आणि दुकानदाराने हसावे अवश्य. परंतु ग्राहकाला समजावून झाल्यावर, त्याच्यासह हसावे. गल्ल्यावर बसणारा माणूस हाच आज खेड्यातील या विद्येचा पहिला शिक्षक आहे, आणि शिक्षकाला विद्यार्थ्याच्या प्रश्नावर हसण्याचा अधिकार नसतो.