पीजीची सीट: यादी मनाच्या क्रमाने भरा

नीट-पीजीचा निकाल लागला की बेलापुरातल्या इंटर्नच्या घरी रात्री जेवणाच्या टेबलावर वही उघडते. एका रकान्यात कॉलेज, दुसऱ्यात विषय, तिसऱ्यात गेल्या वर्षी ती सीट कितव्या रँकला संपली तो आकडा. पण पसंतीची यादी चुकली तर चांगली रँकही हातची जाते. म्हणून एकेक पायरी पाहू.

पहिली, नोंदणी. सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजांतल्या निम्म्या सीट अखिल भारतीय कोट्यातल्या. त्या एमसीसी, म्हणजे केंद्राची काउन्सेलिंग समिती भरते. राज्य कोटा राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाकडे. बेलापूरहून लोकलने दोन स्टेशनं गेलं की नेरूळ. तिथलं डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ, म्हणून एमसीसीकडे. तिथलंच तेरणा कॉलेज खासगी, म्हणून सीईटी कक्षाकडे. दोन्ही हवी असतील तर आपल्याला दोन्हीकडे नोंदणी करावी लागते. एकच करून निर्धास्त राहणारे पुढे हळहळतात.

दुसरी, कागदपत्रं. गुणपत्रिका, ओळखपत्र आणि दाखले यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. ओबीसी उमेदवाराला अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा तिथे चालत नाही. अनेकांना हे ऐनवेळी कळतं.

तिसरी, चॉइस फिलिंग, म्हणजे पसंतीक्रम भरणं. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. संगणक रँकप्रमाणे एकेकाला घेतो, त्याची यादी वरून वाचतो आणि त्याला लागू असलेली पहिली रिकामी सीट देतो. समजा, आपल्याला केईएमचं मेडिसिन हवंय, पण 'मिळणार नाही' म्हणून ते आपण खाली टाकलं. वरची दुसरी सीट मिळाली, तर संगणक केईएमपर्यंत पोचतच नाही. उलट, न मिळणारी सीट वर लिहिल्याने खालची कोणतीही संधी जात नाही.

चौथी, लॉक करणं, म्हणजे यादी कायम करणं. शेवटच्या तासाची वाट पाहू नका. प्रिंट काढून ठेवा.

पाचवी, फेऱ्या. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली सीट सोडली तरी नुकसान नाही. दुसऱ्या फेरीपासून मात्र सीट नाकारली की नोंदणीवेळी भरलेली अनामत रक्कम जाते: खुल्या गटाला 25 हजार, अभिमतसाठी 2 लाख. अपग्रेड, म्हणजे पुढच्या फेरीत वरची सीट, मागताना हातातल्या सीटहून खरंच आवडती असलेलीच नावं लिहा. नवी मिळाली की जुनी आपोआप जाते, परत मिळत नाही. राज्याचे नियम वेगळे असतात. यंदाची सूचना पूर्ण वाचा.

लॉक करण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा: ही मिळाली तर उद्या बॅग भरून निघेन का? पुढची 3 वर्षं तिथेच काढायची आहेत. उत्तर 'हो' नसेल, तर ती ओळ खोडा.