सीमावर्ती वनांचे संरक्षण व आंतरराष्ट्रीय साहाय्य

सीमावर्ती वनांचे संरक्षण व आंतरराष्ट्रीय साहाय्य : दोन राष्ट्रांच्या, दोन राज्यांच्या अथवा राखीव वन व गाव यांच्या सीमेलगत असलेल्या वनांचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्यासाठी परदेशी शासने व आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था यांनी पुरविलेला निधी, तांत्रिक सल्ला व प्रशिक्षण यांचा विचार या विषयात केला जातो. वन ही सलग जीवसृष्टी असते, तर सीमा ही शासनव्यवहारासाठी आखलेली रेषा असते. नदीचे पाणी, वणवा, वन्य पशू आणि चोरटी तोड यांना ही रेषा अडवीत नाही. परंतु कायद्याचा अंमल, अधिकाऱ्यांचे कार्यक्षेत्र व प्रकल्पाचा निधी मात्र तिच्यापाशी थांबतात. सीमावर्ती वनांचे बहुतेक प्रश्न या विसंगतीतून उद्‌भवतात.

स्वरूप व पूर्वेतिहास : राष्ट्रसीमेवरील वनांच्या संयुक्त संरक्षणाचे आद्य उदाहरण म्हणून अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या वॉटरटन–ग्लेशियर शांतता उद्यानाचा निर्देश केला जातो. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या सीमापार व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार (साइटिस) १९७३ मध्ये संमत झाला व १९७५ पासून अंमलात आला; भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. जागतिक पर्यावरण सुविधा निधीची स्थापना १९९१ मध्ये व जैवविविधता करार १९९२ मध्ये झाल्यानंतर विकसनशील देशांतील वनसंरक्षणास मोठ्या प्रमाणावर साहाय्य मिळू लागले. भारताच्या सीमेवर मानस (भूतान) व तराई (नेपाळ) ही अशी सलग वनक्षेत्रे होत. सुंदरबनाच्या संरक्षणाविषयी भारत व बांगला देश यांच्यात २०११ मध्ये सामंजस्य करार झाला.

भारतात वन हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत समाविष्ट झाला. तथापि वनांचे प्रत्यक्ष व्यवस्थापन राज्यांच्या वनखात्यांकडेच आहे. त्यामुळे परदेशी साहाय्य केंद्र शासनामार्फत मिळत असले, तरी त्याचा विनियोग राज्यवार होतो. या व्यवस्थेत राज्यसीमेला राष्ट्रसीमेइतकेच महत्त्व प्राप्त होते.

महाराष्ट्रातील प्रकल्प : महाराष्ट्रात १९८२ मध्ये स्वतंत्र सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला व त्याच्या कार्यास अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे साहाय्य मिळाले. पडीक व गायरान जमिनींवर जळण आणि चारा निर्माण करून राखीव वनांवरील भार हलका करणे, हा त्यामागील हेतू होता. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाने १९९२ मध्ये महाराष्ट्र वनीकरण प्रकल्पासाठी सु. १२·४ कोटी डॉलरचे ऋण मंजूर केले. संयुक्त वनव्यवस्थापनाविषयीचा राज्य शासनाचा निर्णयही त्याच वर्षीचा (१६ मार्च १९९२) आहे. अवनत वनाच्या रक्षणात ग्रामस्थांना सहभागी करून उत्पन्नाचा वाटा देण्याचे तत्त्व त्यात मान्य झाले.

जर्मनीच्या साहाय्याने आणि राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या (नाबार्ड) सहकार्याने १९९० नंतर राबविलेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या ग्रामसभेने स्वीकारावयाच्या अटी होत्या. कुंपण न घालता गावाच्या संमतीने सीमा राखण्याची ही पद्धती अनेक ठिकाणी यशस्वी झाली. मात्र तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. जमीन असलेल्याला विहिरीच्या वाढलेल्या पाण्याचा लाभ मिळाला. भूमिहीन मेंढपाळाला मात्र शेळ्यामेंढ्या विकाव्या लागल्या किंवा शेजारच्या वनात न्याव्या लागल्या. दुसऱ्या परिस्थितीत एका गावाच्या शिवारातील ऱ्हास थांबून तो पुढील शिवारात गेला.

पेंचचे उदाहरण : राज्यसीमेवरील वनाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पेंच येथे आढळते. पेंच नदी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून दक्षिणेस वाहत येऊन नागपूर जिल्ह्यात शिरते. तिच्या दोन्ही तीरांवरील सागाचे व मिश्र पानझडी वन सलग आहे. परंतु त्याचे व्यवस्थापन दोन स्वतंत्र व्याघ्र प्रकल्पांकडे आहे. मध्य प्रदेशातील प्रकल्प १९९२ मध्ये व महाराष्ट्रातील १९९९ मध्ये घोषित झाला.

जागतिक बँक व जागतिक पर्यावरण सुविधा निधी यांच्या साहाय्याने १९९६ मध्ये मंजूर झालेला व २००४ मध्ये संपलेला ‘भारत परिस्थितिकीय विकास प्रकल्प’ देशातील सात संरक्षित क्षेत्रांत राबविण्यात आला. बक्सा, गीर, नागरहोळे, पालामाऊ, पेरियार व रणथंभोर यांच्याबरोबर पेंचची निवड झाली; परंतु ती केवळ मध्य प्रदेशातील भागापुरती होती. एकूण सु. ६·७ कोटी डॉलर खर्चाच्या या प्रकल्पात २ कोटी डॉलर सुविधा निधीचे अनुदान व सु. २·८ कोटी डॉलर विकास संघाचे ऋण होते. वनालगतच्या प्रत्येक गावासाठी सूक्ष्म आराखडा तयार करणे, जळण व चारा यांना पर्याय पुरविणे, पूरक व्यवसाय सुरू करणे आणि त्याच्या मोबदल्यात ग्रामस्थांनी वनरक्षणाचे दायित्व स्वीकारणे, ही त्याची कार्यपद्धती होती. कामांच्या खर्चाचा सु. चौथा हिस्सा ग्रामस्थांनी रोख अथवा श्रमरूपाने उचलावयाचा होता. महाराष्ट्राकडील वनालगतची गावे याच वाघांच्या संचारक्षेत्रात असूनही या योजनेबाहेर राहिली. व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांसाठी याच धर्तीची ‘डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना’ महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केली.

सीमेवरील गुंतागुंतीचा मूर्त प्रत्यय तोतलाडोह जलाशयात येतो. पेंच नदीवर तोतलाडोह येथे बांधलेल्या धरणाचा जलाशय दोन्ही राज्यांत पसरलेला असून त्याच्या भोवती राष्ट्रीय उद्यानांचे वन आहे. उद्यानक्षेत्रातील गावांतून हललेल्या आदिवासींना जलाशयात मासेमारी करण्यासाठी मध्य प्रदेश शासनाने ३०५ परवाने दिले. मासेमारांच्या आवागमनामुळे वन्य जीवांना धोका पोहोचेल, या कारणास्तव त्यास आव्हान देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या निर्णयात परवाने रद्द केले नाहीत. मात्र छायाचित्रयुक्त ओळखपत्र, ठराविक मार्ग, पकडलेल्या मासळीची दैनंदिन नोंद आणि वनात अग्नी न पेटविणे अशा अटी घातल्या. नाजूक परिसराचे रक्षण आवश्यक आहेच. परंतु त्या परिसरावर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणाऱ्यांच्या हक्कांनाही योग्य महत्त्व दिले पाहिजे, असा या निर्णयाचा आशय आहे. जलाशयातील राज्यसीमा डोळ्यांना दिसत नाही. नावेतील माणूस परवानाधारक ठरतो की अपराधी, हे मात्र अशाच न दिसणाऱ्या रेषांवर अवलंबून असते.

नाशिक–डांग सीमा : ज्या सीमेवर मोठा प्रकल्प नसतो, तेथे हा प्रश्न अधिक उघडपणे दिसतो. नाशिक शहरातून सातपूरमार्गे त्र्यंबकेश्वर व हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उत्तरेस पेठ व सुरगाणा हे डोंगराळ तालुके असून ते गुजरातच्या सीमेला भिडलेले आहेत. सुरगाण्यापलीकडील डांगचे वन १ मे १९६० पूर्वी मुंबई राज्यातच होते. त्या दिवशी डांग जिल्हा गुजरातमध्ये गेला व एकाच वनपट्ट्याचे दोन राज्यांत विभाजन झाले. कोकणा, वारली व भिल्ल समाजांचे नातेसंबंध, बाजार आणि हंगामी स्थलांतर सीमेच्या दोन्ही बाजूंस पूर्ववत् चालू आहेत. सागवान व खैर यांची चोरटी तोड ही या पट्ट्यातील जुनी समस्या होय. खैराच्या गाभ्यापासून काथ मिळत असल्याने त्याला विशेष मागणी असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये वनोपजाच्या वाहतुकीचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते. तोडलेले लाकूड रातोरात सीमेपार गेल्यास पुढील तपास दुसऱ्या राज्याच्या यंत्रणेच्या सहकार्यावर विसंबतो. अशा ठिकाणी मोठ्या निधीपेक्षा दोन्ही बाजूंच्या वनक्षेत्रपालांत नियमित माहितीची देवघेव, संयुक्त गस्त व वाहतूक परवान्यांची परस्पर पडताळणी यांची आवश्यकता अधिक असते.

मूल्यमापन : आंतरराष्ट्रीय साहाय्याने वनखात्यांना वाहने, बिनतारी संदेशयंत्रणा, नकाशे व प्रशिक्षण मिळाले आणि गावाशी वाटाघाटी करण्याची नवी पद्धती रुजली. त्याच वेळी काही दोषही स्पष्ट झाले. साहाय्याची मुदत सामान्यतः पाच ते आठ वर्षांची असते. वृक्षाची वाढ व गावाचा विश्वास यांस त्याहून अधिक काळ लागतो. मुदत संपताच समित्या निष्क्रिय होण्याचा धोका असतो. दुसरा प्रश्न संमतीचा आहे. नागरहोळे येथील आदिवासींच्या वतीने, आपल्याशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही, अशी तक्रार १९९८ मध्ये जागतिक बँकेच्या निरीक्षण मंडळाकडे नोंदविण्यात आली होती. आफ्रिकेत मोझँबीक, दक्षिण आफ्रिका व झिंबाब्वे यांनी २००२ च्या कराराने ग्रेट लिंपोपो हे सीमापार उद्यान निर्माण केले व क्रूगर उद्यानाच्या कुंपणाचा काही भाग काढून टाकला. तेथेही मोझँबीकमधील गावांच्या स्थलांतराचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला आणि पुढील दशकात गेंड्यांच्या चोरट्या शिकारीमुळे सीमेवरील पहारा पुन्हा कडक करावा लागला.

भारतात अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ लागू झाल्यावर ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा वैधानिक अधिकार मिळाला. पूर्वी प्रकल्पाची सवलत म्हणून मिळणारा सहभाग त्यामुळे हक्काच्या पायावर आला. सीमावर्ती वनासाठी साहाय्याची आखणी करताना प्रकल्पाचे क्षेत्र शासकीय हद्दीवरून न ठरविता पाणलोट व वन्य पशूंचे संचारमार्ग यांवरून ठरविणे, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामसभांना प्रारंभापासून सहभागी करणे आणि निधी संपल्यानंतरच्या खर्चाची तरतूद आधीच करणे या तीन गोष्टी अगत्याच्या ठरतात. त्यांच्या अभावी रेषेच्या एका बाजूस वन राखले जाते आणि त्याचा भार दुसऱ्या बाजूच्या वनावर व तेथील माणसांवर पडतो.