गरी, दोरी आणि सासूबाई

दिवाळीचा फराळ संपत आला, आकाशकंदील उतरवला, की आमच्या घरातले पुरुष एका कामाला लागतात. माळ्यावरून बांबूची काठी खाली येते. नायलॉनची दोरी ओढून तपासली जाते, शिशाची वजनं आणि गऱ्या मोजल्या जातात. रविवारी बाजारातून कोळंबी येते आणि मी ती सोलायला घेणार तोच हुकूम येतो, "त्यातली मूठभर बाजूला ठेव गं, गरीला लावायची आहे."

माझं माहेर घाटावर, कृष्णाकाठी. तिथे याला गळ टाकणं म्हणतात. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून माझे भाऊ मरळ, वाम धरायचे आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. लग्न होऊन सिंधुदुर्गातल्या या खाडीकाठच्या गावात आले तेव्हा कळलं, इथे याला गरवणं म्हणतात. शब्द बदलला, पण मी मात्र घरीच! रविवारी दुपारी हे आणि मुलगा निघाले, की मी मसाला वाटून त्यांची वाट बघायची.

गेल्या वर्षी कार्तिकात मात्र वेगळंच घडलं. हे काठी घेऊन निघाले आणि ओटीवर बसलेल्या सासूबाई एकदम म्हणाल्या, "माका एकदा गरवूक व्हरा."

सगळे हसले. हे म्हणाले, "आई, तुला कुठला मासा हवा ते सांग, मी आणतो." त्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मासो नको. गरवूक जावचा हा."

त्या रात्री मी त्यांना तेल लावून देताना विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. लहानपणी वडिलांबरोबर त्या रोज गरवायला जायच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. सुनेनं खाडीवर जाऊन काठी धरायची म्हणजे लोक काय म्हणतील? झालं! त्याला सत्तावन्न वर्षं लोटली. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्या कुणालाही बोलल्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारली नव्हती.

मी ठरवलं, पुढच्या रविवारी न्यायचंच. ह्यांनी मोबाइलवर भरतीची वेळ शोधायला घेतली. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "वद्य षष्ठी ना गो? मगे साडेचाराक भरती." हा हिशोब फार सोपा आहे, मैत्रिणींनो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की आपल्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, षष्ठीला साडेचार. थोडं मागेपुढे होतं, पण काम भागतं. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास पाणी मवाळ. चढत्या पाण्याबरोबर मासा चाऱ्यासाठी खाडीत आत येतो, म्हणून भरतीच्या आधी दोन तास जाऊन बसायचं.

हे दिवसही त्याच कामाचे. पावसात खाडी गढूळ आणि गोडी असते. आश्विन-कार्तिकात गाळ बसतो, खारं पाणी आतपर्यंत चढतं आणि त्याच्याबरोबर तांबोशी, पालू, शेतकं, चोणक येतात. (ज्याला आपण चोणक म्हणतो, तोच रायगडकडचा जिताडा.) गोड्या पाण्याचं गणित निराळं. माझा भाऊ सांगतो, थंडी वाढली की नदीतला मासा सुस्तावतो, खोल पाण्यात जातो. म्हणून पौष जवळ आला की पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, ऊन तापल्यावरच गळ टाकावा.

ह्यांना खडकावर बसायला आवडतं, पण तिथे मी साफ नाही म्हटलं. शेवाळावरून पाय घसरतो आणि पाठमोऱ्या माणसाला लाट सांगून येत नाही. आम्ही धक्क्यावर प्लॅस्टिकची खुर्ची नेली. सासूबाईंनी पदर खोचला, कोळंबी अशी लावली की गरीचं टोकसुद्धा दिसेना, आणि दोरी बोटावर धरून बसल्या. काठी नकोच म्हणाल्या. मासा बोटाला कळतो म्हणे.

तासभर काही नाही. मी दोनदा घड्याळ पाहिलं. घरची भांडी, सोमवारची बचत गटाची बैठक, सगळं डोक्यात फिरत होतं. सासूबाई मात्र पाण्याकडे बघत नुसत्या बसल्या होत्या. त्यांना असं नुसतं बसलेलं मी एवढ्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. घरात बसल्या तरी हातात तांदूळ, नाहीतर लसूण असायचीच.

मग दोरी ताणली. आली ती वीतभरही नसलेली तांबोशी. ह्यांनी पिशवी पुढे केली. "सोड ती. पिल्लू हा," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच गरी काढून तिला पाण्यात सोडलं. पुढे मी वाचलं, की २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान धरायचे नाहीत. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. सासूबाईंनी ना तो आदेश वाचला, ना पट्टी लावली. निघताना तुटलेल्या दोरीचा तुकडाही त्यांनी गुंडाळून कनवटीला लावला. बगळ्याच्या पायात अडकते म्हणून.

त्या दिवशी एक काळुंदर आणि दोन शेतकं मिळाली. पाच माणसांना पुरणारी नव्हती. पण रात्री सासूबाई दोन घास जास्त जेवल्या.

सोमवारच्या बैठकीत मी हिशोब झाल्यावर विचारलं, "लग्नाआधी तुम्हाला काय आवडायचं?" कुणी पोहणं म्हणालं, कुणी सायकल, कुणी पतंग. "आता?" म्हटल्यावर सगळ्या गप्प. आमच्याकडे पहाटे मासळीची टोपली उचलणाऱ्या बायका आहेत, ओहोटीला कालवं फोडणाऱ्या आहेत. पाण्याशी आमचं नातं आहेच, पण ते कामाचं. पुरुष तिथे गेला तर तो छंद, बाई गेली तर "घरात काम नाही का?"

यंदा सासूबाईंचे गुडघे धक्क्याच्या पायऱ्या उतरू देत नाहीत. एक वर्ष उशीर केला असता तर ते राहूनच गेलं असतं, या विचारानं अजूनही काटा येतो. आता गटातल्या आम्ही तिघी रविवारी जातो. निघताना ओटीवरून आवाज येतो, "तिथ बघलास?"

तुमच्या घरातही कुणीतरी ओटीवर बसलेलं असेल. एकदा विचारून तर बघा, काय राहून गेलंय ते.