चिखलदऱ्यातले मुसाफिर

आखातातून सुट्टीवर येणाऱ्या कुटुंबाचे दिवस कसे जातात, हे आपल्या वऱ्हाडातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. पहिला आठवडा खजूर आणि जमजम वाटण्यात, दुसरा दावतींत. मग दाताचा डॉक्टर, बँक, आधार कार्ड, एखादे लग्न. मुले या घरातून त्या घरात सलाम करत फिरतात आणि उरलेल्या वेळी मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. आमच्या धाकट्या बहिणीचे कुटुंब जिद्दाहून अकोल्याला आले तेव्हा तीन आठवडे असेच गेले. शेवटी जुलैच्या एका शनिवारी आम्ही सगळे गाडी करून दोन दिवसांसाठी चिखलदऱ्याला निघालो.

अकोटपर्यंत मुले झोपेत होती. अंजनगाव सुर्जी, परतवाडा मागे पडले, घाट सुरू झाला आणि गाडी ढगात शिरली. भाचीने काच खाली करून हात बाहेर काढला. जिद्दात पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो, आणि जोराचा पडला की रस्ते तुंबतात; पाऊस म्हणजे शाळेला सुट्टी, एवढेच तिला माहीत. इथे चेहऱ्यावर बसणारे ते बारीक पाणी पाऊस आहे की धुके, यावर दोघा भावंडांची परतवाड्यापासून वरपर्यंत हुज्जत चालली.

डोंगरावरचे शहर त्यांना नवीन नव्हते. जिद्दाची माणसे शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत तायफला जातात. तिथला घाट, गुलाब, रस्त्याकडेची माकडे मुलांनी पाहिली होती. प्यारे नबी (स.) यांच्यावर तायफमध्ये दगडफेक झाली, रक्तबंबाळ अवस्थेत ते एका बागेत थांबले आणि अद्दास नावाच्या गुलामाने त्यांना द्राक्षे आणून दिली, हेही त्यांना तोंडपाठ. पण आपल्या जिल्ह्याशेजारी 1118 मीटर उंचीवर एक गाव आहे, तिथे कॉफी पिकते आणि जवळच गाविलगड आहे, हे त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. ऐकवणार कोण? आम्हीच ना!

गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहाने 1425 च्या सुमारास बांधला असे मानतात. पुढे बहमनी राज्य फुटले आणि अचलपूरला इमादशाही उभी राहिली. तिचा संस्थापक फतहुल्लाह इमादुल्मुल्क जन्माने विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा, लढाईत पकडून वऱ्हाडात आणलेला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. परक्या मुलखातून आलेला मुलगा इथलाच झाला, ही गोष्ट भाच्याला फार आवडली. गडाच्या दरवाजावर सिंह आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, आत पडझड झालेली मशीद आहे. शेवाळावरून घसरत घसरत आम्ही तिथवर गेलो. (पावसाळ्यात चपला नकोत, बूटच हवेत. आणि जमलेच तर शनिवार-रविवार टाळा. घाटात गाड्यांची रांग लागते.)

मुक्कामी दुल्हेभाईंनी जोहरच्या चारऐवजी दोनच फर्ज रकअत पढल्या. अकोल्याहून चिखलदरा शंभर किलोमीटरहून जास्त आहे. हनफी मसलकात सुमारे 78 किलोमीटरच्या प्रवासाला कसर लागू होते आणि मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल तर माणूस मुसाफिरच राहतो. भाच्याने लगेच विचारले, “मग अकोल्यात आपण मुसाफिर नाही का?” दुल्हेभाई म्हणाले, अकोला माझे वतन आहे, तिथे एक दिवसासाठी आलो तरी नमाज पूर्ण. ज्याने बायका-मुलांसह दुसरीकडे कायमचे राहायचे ठरवले, परतायची नियतच सोडली, त्याचे जुने वतन वतन राहत नाही.

“मग आपली नियत काय आहे?”

बहीण भजी तळत होती. तिने वळून पाहिले. सवाल मसल्याचा होता, पण घरात तो वर्षभर दुसऱ्याच शब्दांत चालू आहे. सौदीत जुलै 2017 पासून परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातील प्रत्येक आश्रितामागे महिना 100 रियाल शुल्क लागले, 2020 पर्यंत ते 400 वर गेले. बायको आणि दोन मुले म्हणजे महिन्याला 1200 रियाल, केवळ सोबत राहण्याचे. भाची दहावीत आहे; बारावीनंतर तिला भारतात यावेच लागेल. मग आताच का नको? पण इकडे आली तर वडील वर्षातून एकदा दिसतील. अकोल्याच्या घरात सासू, नणंदा, शेजारी यांच्यासमोर हे बोलणे कधी पूर्ण झालेच नव्हते. त्या रात्री धुके खिडकीला लागले होते, मोबाइलला रेंज नव्हती. नवरा-बायको आणि भाची तिघेही दीडपर्यंत बोलत बसली. आम्ही भाच्याला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपलो.

सकाळी बहीण एवढेच म्हणाली, “आपा, अकरावीचे प्रवेश अकोल्यात कधी सुरू होतात, ते कळवत जा.” भाचीने मात्र अट घातली, की वर्षातून दोनदा अब्बूंनी यायचे, आणि त्यातली एक खेप पावसाळ्यात.

रविवारी भाजलेली कणसे खात घाट उतरलो. अकोल्यात शिरेपर्यंत असरची वेळ झाली होती. वाटेतल्या मशिदीत दुल्हेभाईंनी चार रकअत पढल्या. भाचा शेजारी उभा होता, त्यानेही चार पढल्या.