गोलाग्र मुद्राक्षर

गोलाग्र मुद्राक्षर : सेरिफविरहित ठळक मुद्राक्षरांचा एक प्रकार. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या रेषेला टोकाशी असलेली बारीक आडवी रेघ. ती गाळलेले पहिले मुद्राक्षर इंग्लंडमध्ये चौथा विल्यम कॅस्लन याने १८१६ मध्ये नमुन्यादाखल छापले. गोलाग्र प्रकारात रेषांची टोकेही अर्धवर्तुळाकार केलेली असतात. त्यामुळे अक्षर पात्याने कापल्यासारखे न दिसता कणकेची वळी वळवून घडविल्यासारखे भासते.

हा आकार केवळ हौसेतून आलेला नाही. फिरत्या हत्याराने लाकडात अक्षर कोरताना खाचेचे टोक आपोआप गोल होते. निऑन दिव्यांची काचनळी वाकवून केलेल्या अक्षरांतही तीक्ष्ण कोपरा साधत नाही. साधनांच्या या मर्यादेतूनच पुढे एक स्वतंत्र शैली रूढ झाली.

‘व्ही. ए. जी. राउंडेड’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. फोक्सवॅगन व आउडी या मोटारींच्या विक्रेत्यांना एकच ओळख देण्यासाठी ते १९७९ मध्ये योजण्यात आले. तोवर पहिली कंपनी फ्यूचरा, तर दुसरी टाइम्स हे मुद्राक्षर वापरी. पुढे अ‍ॅपल कंपनीच्या संगणकांच्या कळांवर ते अनेक वर्षे होते. २०१५ पासून त्याची जागा सॅन फ्रान्सिस्को या मुद्राक्षराने घेण्यास सुरुवात केली. मोटारीच्या दुकानासाठी केलेले अक्षर बोटांखालच्या कळेवरही शोभले, याचे श्रेय त्याच्या सौम्यपणास द्यावे लागेल.

रचनेच्या दृष्टीने हा प्रकार वाटतो तितका सोपा नाही. गोल टोकाची रेषा सपाट टोकाच्या रेषेहून आखूड भासते. म्हणून ती आधाररेषेच्या किंचित बाहेर न्यावी लागते. जाडीमुळे अक्षरांतील पोकळ्या लहान होतात व लहान आकारात शाईने बुजतात. यास्तव सलग मजकुरासाठी हे मुद्राक्षर निरुपयोगीच मानावे. शीर्षके, बालपुस्तकांची मुखपृष्ठे, खेळणी व खाद्यपदार्थांची वेष्टने ही त्याची खरी क्षेत्रे होत. धोक्याच्या सूचनेसाठी ते सुस्पष्ट असूनही योग्य नव्हे; त्याचा लाडिक सूर सूचनेचे गांभीर्य घालवितो.

देवनागरीत आणखी एक अडचण उद्भवते. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची टोके गोल केली, तर शब्दातील लगतच्या अक्षरांमध्ये खाचा पडतात आणि सलग शिरोरेषा दंतुर दिसते. म्हणून अक्षरे जेथे जुळतात तेथे ती सपाटच ठेवावी लागते. गोलाई काना, मात्रा, वेलांटी व अक्षरांच्या मोकळ्या टोकांनाच देता येते. शिवाय ‘ष’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांसारख्या दाट अक्षरांत ठळकपणा थोडा उतरविला नाही, तर त्यांचा नुसता काळा ठिपका उरतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘बालू’ या ठळक मुद्राक्षरात टोके पूर्ण अर्धवर्तुळाकार न करता फक्त कोपरे मऊ केले आहेत. देवनागरीस हीच तडजोड अधिक मानवते. या मुद्राक्षराची भावंडे इतर भारतीय लिप्यांतही असून त्यांची नावे त्या त्या प्रदेशातील संबोधनांवरून ठेवली आहेत : गुजरातीसाठी ‘भाई’, गुरुमुखीसाठी ‘पाजी’, बंगालीसाठी ‘दा’, तमिळसाठी ‘थंबी’. मूळ बालू एकाच, अतिठळक वजनात होते. ‘बालू २’ या आवृत्तीत पाच वजने आली. ते मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे.