श्वास मोठा नको, उच्छ्वास लांब हवा

गृहिणीने ताणाची तक्रार केली की ‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला तिला फुकट मिळतो. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. छाती फुगवून हवा ओढण्यापेक्षा सावकाश सोडलेला उच्छ्वास जास्त उपयोगी पडतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, कारण तेव्हा हृदयावर व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आला की रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची आणि श्वासाची लय जुळते. लुचियानो बर्नार्डी या इटालियन संशोधकाने २००१ साली दाखवलं की लॅटिन जपमाळ म्हणा किंवा ‘ओम मणि पद्मे हुम्’चा जप करा, श्वास आपोआप याच वेगावर येतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी तर १९२४ पासूनच योगाला प्रयोगशाळेत नेलं होतं. जपाने श्वास संथ होतो यात देवघरात निवांत स्तोत्र म्हणणाऱ्या बाईला नवल वाटणार नाही. एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून उरकलेल्या स्तोत्राकडून मात्र हा गुण मागू नये.

पुरावा किती भक्कम आहे? स्टॅनफर्डच्या २०२३ मधल्या प्रयोगात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं सराव केला. लागोपाठ दोनदा श्वास आत घेऊन तो लांबवत सोडणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. त्याच वर्षी ७८५ जणांवरच्या बारा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा ताण कमी झालेला दिसला, पण बेताचाच. शिबिरांच्या जाहिराती हे ‘बेताचाच’ गाळतात. शिवाय स्टॅनफर्डचा प्रयोग काही गृहिणींसाठी बेतलेला नव्हता. शरीराचे नियम तिलाही तेच लागू आहेत, पण सलग पाच मिनिटं तिच्या हातात असतात का?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. म्हणूनच ‘बाईला श्वास घ्यायला शिकवणं म्हणजे सोसायला शिकवणं’ हा आक्षेप मला गंभीर वाटतो. श्वासाने धुण्याचा ढीग हलत नाही. पण धडधडत्या छातीने आणि चढलेल्या आवाजात कामाची वाटणीही नीट मागता येत नाही. शरीर शांत झालं की निदान मुद्दा मांडता येतो. आणि ती पाच मिनिटं दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या, सासऱ्यांचा चहा दुसऱ्या कुणीतरी पाहिल्याशिवाय मिळणार नाहीत. तेव्हा हा व्यायाम घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा आहे, नाक फक्त तिचं.

करायचा कसा, तर फोडणीच्या धुरात ओट्यापाशी नाही. खुर्चीत पाठ टेकून, नाकाने चार अंक मोजत आत आणि सहा मोजत बाहेर. जोर लावला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते, ओठांना मुंग्या येतात. तसं झालं की थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर कपालभातीसारखे जोरकस प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर श्वास मोजत बसू नये. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.